वैद्यकीय शब्दांची फोड : आरोग्यविज्ञानाच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी किंवा वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान यांपैकी कोणत्याही अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तरी पहिल्या सत्रात विद्यार्थ्याला सर्वांत आधी अडवतात ते शब्द. गोव्यातील सत्तरी, पेडणे, डिचोली किंवा काणकोणसारख्या तालुक्यांतून, मराठी प्राथमिक शाळेत अक्षरओळख झालेला मुलगा किंवा मुलगी बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात वर्गात येऊन बसते आणि पहिल्याच तासाला फळ्यावर 'थ्रॉम्बोसायटोपेनिया' असा शब्द लिहिला जातो. शेजारी बसलेल्यांना तो समजला असावा आणि आपल्यालाच समजला नाही, असे प्रत्येकाला वाटते. प्रत्यक्षात तो कोणालाच समजलेला नसतो, कारण हे शब्द इंग्रजी बोलणाऱ्यालाही परकेच आहेत. त्यांतील बहुतेक ग्रीक आणि लॅटिन मुळांपासून घडवलेले आहेत. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शिक्षण देणारी शाळा सुरू झाली तेव्हा तेथे पोर्तुगीजमधून शिकवले जात असे. पुढे शिकवण्याची भाषा इंग्रजी झाली, तरी 'कार्डियो' आणि 'गॅस्ट्रो' आपल्या जागी राहिले.

मी विद्यार्थी असताना या शब्दांच्या अर्थासह याद्या केल्या आणि त्या पाढ्यांसारख्या पाठ केल्या. तीन आठवड्यांत त्यांतील निम्मे शब्द विसरलो. शाळेत मराठीच्या तासाला शिकलेली उपसर्ग, धातू आणि प्रत्यय यांची रीतच येथे लागू पडते, हे फार उशिरा लक्षात आले. मराठी विद्यार्थ्याला या शब्दांच्या बाबतीत एक जन्मजात सवलत मिळालेली आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे, आणि पुढील पायऱ्या त्याच मताच्या आधाराने मांडल्या आहेत.

पायरी पहिली : शब्द शेवटाकडून वाचावा

अनोळखी शब्द समोर आला की प्रथम त्याचा प्रत्यय शोधावा, नंतर उपसर्ग पाहावा आणि सर्वांत शेवटी मधल्या मुळाकडे वळावे. हा क्रम उलटा वाटतो, परंतु प्रत्ययावरून शब्दाची जात कळते. तो आजार आहे, शस्त्रक्रिया आहे, तपासणी आहे की रक्तातील एखादा बदल आहे, हे कळल्यावर उरलेला अर्थ लावणे सोपे जाते. वर दिलेला शब्दच घेऊ. 'पेनिया' म्हणजे कमतरता, 'सायटो' म्हणजे पेशी आणि 'थ्रॉम्बो' म्हणजे रक्ताची गुठळी. गुठळी करणाऱ्या पेशींची कमतरता, असा त्याचा सरळ अर्थ होतो. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की घरोघर ज्या 'प्लेटलेट' मोजल्या जातात, त्या कमी होण्यालाच हा लांबलचक शब्द आहे. याच पद्धतीने 'ल्युकोपेनिया' म्हणजे पांढऱ्या पेशींची कमतरता आणि 'ल्युकोसायटोसिस' म्हणजे त्याच पेशींची वाढ, हे दोन शब्द कोणी न सांगता उलगडतात.

यासाठी एक वेगळी वही ठेवावी आणि तिच्या प्रत्येक पानावर उपसर्ग, मूळ आणि प्रत्यय असे तीन रकाने आखावेत. पूर्ण शब्द लिहून ठेवण्यापेक्षा त्याचे तुकडे लिहावेत. रोज पाच तुकडे घेतले तर महिन्याभरात दीडशे होतात आणि दीडशे तुकड्यांच्या जुळणीतून तयार होणारे शब्द हजारांत जातात. फोंड्याहून किंवा म्हापशाहून रोज कदंबच्या बसने ये-जा करणाऱ्यांना या कामासाठी वेगळा वेळ काढण्याचीही गरज पडत नाही.

तुकडे जोडताना मध्ये येणारा 'ओ' हा केवळ सांधा असतो. प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर हा 'ओ' गळून पडतो, व्यंजनाने सुरू होत असेल तर राहतो. म्हणून जठराच्या दाहाला 'गॅस्ट्रायटिस' म्हणतात आणि जठर आतून पाहण्याला 'गॅस्ट्रोस्कोपी'. दोन मुळे एकमेकांना जोडताना मात्र पुढे स्वर असला तरी 'ओ' टिकतो, जसा तो 'गॅस्ट्रोएन्टेरायटिस' या शब्दात टिकला आहे. संधीचे नियम ज्याने शिकले आहेत त्याला यात नवे काही वाटू नये.

पायरी दुसरी : ओळखीचे नातेवाईक शोधावेत

ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातील भाषा आहेत. त्यामुळे वैद्यकीय शब्दांचे कितीतरी तुकडे आपल्या तत्सम शब्दांचे सख्खे भाऊ आहेत, आणि ही ओळख पटली की पाठांतराचे ओझे बरेच हलके होते.

सर्वांत सुंदर उदाहरण नकाराचे आहे. मराठीत आपण 'अज्ञान' म्हणतो, पण 'आदर' शब्द स्वराने सुरू होत असल्यामुळे त्याचा नकार 'अनादर' असा होतो. व्यंजनापूर्वी 'अ' आणि स्वरापूर्वी 'अन्', हा नियम ग्रीकमध्येही तंतोतंत तसाच आहे. श्वास थांबण्याला 'ॲप्निया' म्हणतात आणि रक्ताच्या कमतरतेला 'ॲनिमिया', कारण रक्तवाचक मूळ ग्रीकमध्ये स्वराने सुरू झाल्यासारखे वागते. 'दुर्गंध' आणि 'दुष्काळ' यांतील 'दुस्' ग्रीकमध्ये 'डिस' होतो, म्हणून श्वास घेण्यास त्रास होणे म्हणजे 'डिस्प्निया' आणि लघवीला त्रास होणे म्हणजे 'डिस्युरिया'. 'परिसर' आणि 'परिघ' यांतील 'परि' हाच 'पेरिकार्डियम' मधील 'पेरी' आहे. हृदयाच्या सभोवतालचे आवरण, एवढाच त्याचा अर्थ. 'उपरि' म्हणजे वर आणि त्याचा भाऊ 'हायपर'; 'उप' म्हणजे खालचा, दुय्यम, आणि त्याचा भाऊ 'हायपो'. हे एकदा मनात ठसले की 'हायपरग्लायसेमिया' म्हणजे रक्तातील साखर वाढणे आणि 'हायपोग्लायसेमिया' म्हणजे ती कमी होणे, यात सहसा गोंधळ होत नाही. ज्या आजारात एका अक्षराच्या चुकीने साखर द्यायची की इन्सुलिन द्यायचे हे उलटू शकते, तेथे हा फरक डोळ्यांत तेल घालून पाहायला हवा.

अवयवांच्या बाबतीत तर हे नाते अधिक जवळचे आहे. 'कार्डिया' आणि 'हृद्', 'ऑस्टिऑन' आणि 'अस्थि', 'हेपार' आणि 'यकृत्', 'ओडोन्ट' आणि 'दंत' या जोड्या एकाच मूळ शब्दाच्या दोन शाखा आहेत. आतड्यासाठी ग्रीकमध्ये 'एन्टेरॉन' आणि संस्कृतात 'अंत्र', म्हणून टायफॉइडला 'एन्टेरिक फीवर' म्हटले काय किंवा 'आंत्रज्वर' म्हटले काय, शब्दाची घडण एकच आहे. तांबड्या पेशींना 'एरिथ्रोसाइट' म्हणतात. त्यातील 'एरिथ्रो' म्हणजे तांबडा आणि तो आपल्या 'रुधिर' शब्दाचा नातलग. 'थर्मामीटर' मधील 'थर्मो' आणि आपला 'घाम' यांचे मूळही एकच. संस्कृतातील 'घर्म' हा त्यांना जोडणारा दुवा. 'पॅथोजेन' या शब्दातील 'जेन' म्हणजे 'जन्', त्यामुळे त्याचा 'रोगजनक' हा मराठी पर्याय भाषांतर न वाटता प्रतिबिंब वाटतो.

हे नाते सर्वत्र जुळते असे मात्र मानू नये. 'नेफ्रो' म्हणजे मूत्रपिंड, 'गॅस्ट्रो' म्हणजे जठर, 'डर्मो' म्हणजे त्वचा, 'आर्थ्रो' म्हणजे सांधा, 'मायो' म्हणजे स्नायू. यांना मराठीत पटकन ओळखीचा भाऊ सापडत नाही आणि ते सरळ पाठच करावे लागतात.

पायरी तिसरी : एका अवयवाला दोन नावे का, हे समजून घ्यावे

मूत्रपिंडाचा दाह 'नेफ्रायटिस' आणि मूत्रपिंडाची धमनी मात्र 'रीनल आर्टरी', हे पाहून विद्यार्थी वैतागतो. ढोबळ मानाने पाहिले तर आजारांची आणि शस्त्रक्रियांची नावे ग्रीक मुळांवरून आणि शरीरातील रचनांची नावे लॅटिन मुळांवरून पडलेली आढळतात. मराठीतही आपण 'डोळे आले' म्हणतो, पण पाटीवर 'नेत्ररुग्णालय' लिहितो, आणि 'डोळारुग्णालय' असा शब्द कोणी घडवीत नाही. फुप्फुसासाठी 'न्युमो' व 'पल्मो', त्वचेसाठी 'डर्मो' व 'क्युटेनियस' या जोड्या याच रीतीने वहीत समोरासमोर लिहून ठेवाव्यात.

पायरी चौथी : प्रत्ययांचे तीन गट करावेत

पहिला गट आजारांचा. 'आयटिस' म्हणजे दाह. 'ऑसिस' म्हणजे एखादी स्थिती, बहुधा बिघाडाची. 'पॅथी' म्हणजे रोग. 'ॲल्जिया' म्हणजे वेदना. 'मेगॅली' म्हणजे आकार वाढणे. 'हेपॅटोमेगॅली' हा शब्द आता विद्यार्थ्याने स्वतः फोडून पाहावा. याच गटातील 'ओमा' या प्रत्ययाविषयी थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे, कारण अहवालात तो दिसला की रुग्णाच्या घरचे लोक घाबरतात. 'ओमा' म्हणजे गाठ किंवा फुगवटा. 'लायपोमा' ही चरबीची निरुपद्रवी गाठ असते आणि 'हिमॅटोमा' म्हणजे साकळलेले रक्त, त्यात कर्करोगाचा संबंध नाही. 'लिम्फोमा' आणि 'मेलॅनोमा' हे मात्र कर्करोग आहेत. 'कार्सिनोमा' या शब्दातील 'कार्किनोस' म्हणजे खेकडा, आणि आपल्या 'कर्करोग' शब्दातील 'कर्क' म्हणजेही खेकडा. गोव्यातल्या बाजारातली कुर्ली डोळ्यांपुढे आणली तरी हरकत नाही.

दुसरा गट शस्त्रक्रियांचा असून त्यात 'एक्टमी', 'ऑटमी' आणि 'ऑस्टमी' हे तीन प्रत्यय सारखेच ऐकू येतात. 'एक्टमी' म्हणजे काढून टाकणे, जसे 'ॲपेंडेक्टमी'. 'ऑटमी' म्हणजे छेद घेणे, जसे पोट उघडण्याची 'लॅपॅरोटमी'. 'ऑस्टमी' म्हणजे नवे तोंड तयार करणे, जसे मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर आणण्याची 'कोलॉस्टमी'. वॉर्डात काम करणाऱ्याला हा फरक केवळ परीक्षेपुरता नसतो, कारण ऑस्टमी झालेल्या रुग्णाच्या पोटावर पिशवी असते आणि तिची रोज काळजी घ्यावी लागते.

तिसऱ्या गटात रक्त आणि लघवी यांविषयीचे प्रत्यय येतात. शेवटी 'इमिया' असेल तर गोष्ट रक्तातील आहे, 'युरिया' असेल तर लघवीतील. 'हिमॅच्युरिया' म्हणजे लघवीतून रक्त जाणे, 'पॉलियुरिया' म्हणजे लघवीचे प्रमाण फार वाढणे, 'ऑलिगुरिया' म्हणजे ते फार कमी होणे. रक्तातील जो 'युरिया' नावाचा पदार्थ मोजतात तो वेगळा. तेथे हा प्रत्यय नसून पदार्थाचे नाव आहे.

पायरी पाचवी : चकव्यांची स्वतंत्र यादी ठेवावी

सारखे दिसणारे शब्द वेगवेगळे लिहिल्यास ते लक्षात राहत नाहीत, म्हणून ते शेजारी शेजारीच लिहावेत. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी नळी 'युरेटर' आणि मूत्राशयातून बाहेर जाणारी 'युरेथ्रा'. 'इंटर' म्हणजे दोहोंच्या मध्ये आणि 'इंट्रा' म्हणजे आत. आपल्याकडे 'आंतरशालेय' आणि 'शालान्तर्गत' यांत जो फरक आहे तोच येथेही. 'इलियम' हा उच्चार दोन अवयवांना आहे, एक लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि दुसरे कमरेचे हाड. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधल्या एका अक्षराचा फरक असतो आणि देवनागरीत तर तेवढाही राहत नाही. 'मायो' म्हणजे स्नायू, 'मायको' म्हणजे बुरशी आणि 'मायलो' म्हणजे अस्थिमज्जा किंवा मज्जारज्जू. 'हिप्नो' म्हणजे झोप. तिचा 'हायपो'शी संबंध नाही. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ कांदोळीत जन्मलेल्या आबे फारिया यांचा पुतळा आहे. त्यात ते एका स्त्रीला संमोहित करताना दाखवले आहेत. तो पुतळा आठवला की 'हिप्नोसिस' चुकत नाही.

काही चकवे भाषांतरातून निर्माण होतात आणि ते मराठी विद्यार्थ्याला अधिक फसवतात. 'अक्यूट' या शब्दासाठी आपण 'तीव्र' हा शब्द वापरतो, आणि त्यामुळे 'अक्यूट' म्हणजे गंभीर असे अनेकांच्या डोक्यात बसते. वैद्यकात 'अक्यूट' म्हणजे अचानक सुरू झालेला व थोड्या काळाचा. त्याच्या विरुद्ध 'क्रॉनिक', म्हणजे दीर्घकाळ चाललेला, जुनाट. साधी सर्दी अक्यूट असते पण गंभीर नसते. 'सिम्प्टम' आणि 'साइन' या दोन्हींना आपण 'लक्षण' म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात रुग्ण जे सांगतो ते सिम्प्टम आणि तपासणाऱ्याला जे दिसते ते साइन. मळमळ हे पहिल्या प्रकारात मोडते, कावीळ झालेले पिवळे डोळे दुसऱ्या प्रकारात.

पायरी सहावी : सूक्ष्मजीवांची नावे वाचावीत आणि नीट लिहावीत

बोलताना आपण सगळ्यांना 'जंतू' म्हणतो. वर्गात ही सवय सोडावी लागते. जीवाणू, विषाणू, बुरशी आणि आदिजीव हे चार गट प्रथम वेगळे ठेवावेत, कारण जीवाणूवर चालणारे प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही आणि रुग्णाला ते समजावून सांगण्याचे काम पुढे आपल्यालाच करावे लागते. 'व्हायरस' हा लॅटिन शब्द आणि संस्कृतातील 'विष' हेही एकमेकांचे नातलग आहेत, त्यामुळे 'विषाणू' हा शब्द ज्याने घडवला त्याला मनातल्या मनात दाद द्यावीशी वाटते. बुरशीची ओळख गोव्यात वेगळी करून द्यावी लागत नाही. जुलै महिन्यात कपाटातील चामडी चपला तेवढे काम करतात. तिच्याच गटातील एकपेशीय यीस्टमुळे माडाची सूर आंबते आणि त्याच सुरेने सान्नां, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या वड्या, फुगतात. त्या यीस्टच्या 'सॅकॅरोमायसिस' या नावात 'सॅकॅरो' म्हणजे साखर आणि 'मायसिस' म्हणजे बुरशी. त्यातील 'सॅकॅरो' हा तर 'शर्करा' या भारतीय शब्दाचाच ग्रीकांमार्फत फिरून आलेला अवतार आहे.

जीवाणूंच्या नावांत बहुधा आकार लपलेला असतो. 'कॉकस' म्हणजे गोल दाणा, 'बॅसिलस' म्हणजे काठी, 'स्पायरा' म्हणजे वेटोळे. दाण्यांची रांग माळेसारखी दिसली तर 'स्ट्रेप्टोकॉकस', द्राक्षांच्या घडासारखी जमली तर 'स्टॅफिलोकॉकस', आणि जोडीजोडीने असली तर 'डिप्लोकॉकाय'. 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' मधील 'ऑरियस' म्हणजे सोनेरी, कारण त्याच्या वसाहती सोनेरी पिवळ्या दिसतात. 'लेप्टोस्पायरा' मध्ये 'लेप्टो' म्हणजे बारीक आणि 'स्पायरा' म्हणजे वेटोळे. पावसाळ्यात शेतातल्या साचलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या ज्या आजाराला लोक नुसते 'लेप्टो' म्हणतात, त्याचा हा जीवाणू. काही नावे माणसांवरून पडली आहेत. 'एशेरिकिया कोलाय' हे नाव तो प्रथम वर्णन करणाऱ्या थिओडोर एशेरिक यांच्यावरून आले आणि 'कोलाय' म्हणजे मोठ्या आतड्यातील. 'साल्मोनेला' हे डॅनिएल साल्मन या अमेरिकन पशुवैद्याचे नाव असून त्याचा साल्मन माशाशी कसलाही संबंध नाही. मासे खाणाऱ्या आपल्या प्रदेशात हा खुलासा दरवर्षी करावा लागतो.

काही नावांत मात्र जुन्या चुका गोठून राहिल्या आहेत. 'मलेरिया' म्हणजे इटालियन भाषेत वाईट हवा. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात मलेरियाचे परजीवी सापडले आणि हवा निर्दोष ठरली, पण नाव बदलले नाही. 'हिमोफिलस इन्फ्लुएन्झी' हा जीवाणू इन्फ्लुएन्झाचे कारण आहे असे एकेकाळी मानले गेले. पुढे ते कारण विषाणू असल्याचे सिद्ध झाले, तरी जीवाणूला ते नाव चिकटून राहिले. 'मायकोबॅक्टेरियम' मध्ये 'मायको' म्हणजे बुरशी असली तरी क्षयरोगाचा हा कारक जीवाणूच आहे. तेव्हा नावाची फोड अर्थाकडे घेऊन जाते, परंतु शेवटची खात्री पुस्तकातूनच करून घ्यावी.

लिहिण्याच्या बाबतीत तीन नियम कटाक्षाने पाळावेत, कारण परीक्षेत येथेच गुण जातात. पहिला शब्द म्हणजे प्रजाती, तिचे पहिले अक्षर मोठे. दुसरा शब्द म्हणजे जाती, तो पूर्ण लहान अक्षरांत. छापील मजकुरात दोन्ही शब्द तिरप्या ठशात असतात. हाताने लिहिताना दोन्हींखाली वेगवेगळी रेघ ओढावी. पूर्ण नाव एकदा लिहून झाल्यावरच पहिल्या शब्दाचे आद्याक्षर वापरता येते. आणखी एक गोष्ट म्हणजे नुसत्या दुसऱ्या शब्दावरून जीवाणू ओळखला जात नाही. 'न्युमोनिए' हे दुसरे नाव स्ट्रेप्टोकॉकसलाही आहे आणि क्लेब्सिएलालाही. अनेकवचनांकडेही लक्ष द्यावे : एक 'बॅक्टेरियम', अनेक 'बॅक्टेरिया', एक 'फंगस', अनेक 'फंजाय', एक 'बॅसिलस', अनेक 'बॅसिलाय'.

पायरी सातवी : प्रयोगशाळेतील शब्द कामासह शिकावेत

हान्स क्रिस्टियन ग्रॅम या डॅनिश वैद्याने १८८४ साली मांडलेली रंजनपद्धती आजही पहिल्या वर्षी हाताने करावी लागते. काचपट्टीवर प्रथम क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, नंतर अल्कोहोल आणि शेवटी सॅफ्रनिन. जाड भित्तिका असलेले जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, त्यांना 'ग्रॅम-पॉझिटिव्ह' म्हणतात. ज्यांचा रंग अल्कोहोलने निघून जातो ते सॅफ्रनिनने गुलाबी दिसतात आणि 'ग्रॅम-निगेटिव्ह' ठरतात. सगळी गफलत तिसऱ्या टप्प्यात होते. अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिले तर जांभळेही गुलाबी होतात आणि अहवालच उलटा जातो. येथील 'पॉझिटिव्ह' शब्दाचा 'टेस्ट पॉझिटिव्ह आली' या वाक्यातील पॉझिटिव्हशी संबंध नाही, हे नातेवाइकांनाही अनेकदा सांगावे लागते.

'कल्चर' म्हणजे नमुन्यातील जीवाणू पोषक माध्यमावर वाढवणे. त्या माध्यमाला 'मीडियम' आणि अनेक असल्यास 'मीडिया' म्हणतात. माध्यम घट्ट करणारा 'अगार' समुद्री शेवाळापासून मिळतो. मुरंब्यासारख्या पदार्थांसाठी तो स्वयंपाकघरात वापरला जात असे हे ठाऊक असलेल्या फॅनी हेस या गृहिणीने तो प्रयोगशाळेसाठी सुचवला. माध्यमावर उगवलेल्या जीवाणूंच्या ठिपक्याला 'कॉलनी' म्हणतात. साधारणपणे ३७ अंश सेल्सिअसला एक रात्र उबवल्यावर ती दिसू लागते. क्षयरोगाच्या जीवाणूला मात्र घट्ट माध्यमावर कित्येक आठवडे लागतात.

लघवीच्या कल्चर अहवालात 'ग्रॅम-निगेटिव्ह बॅसिलाय' असे वाचले की गुलाबी काड्या डोळ्यांसमोर याव्यात, आणि 'सीएफयू' म्हणजे कॉलनी तयार करू शकणाऱ्या जीवाणूंची संख्या, हे आठवावे. पारंपरिक संकेताप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १,००,००० किंवा त्याहून अधिक सीएफयू असल्यास संसर्ग महत्त्वाचा मानतात. त्याखाली औषधांची यादी असते आणि प्रत्येकापुढे एस, आय किंवा आर असे अक्षर. एस म्हणजे जीवाणू त्या औषधाला बळी पडतो, आर म्हणजे दाद देत नाही, आणि आय म्हणजे मधली स्थिती. 'सेन्सिटिव्हिटी' हा शब्द येथे जीवाणूच्या संदर्भात येतो. एखाद्या तपासणीच्या अचूकतेविषयी बोलतानाही तोच शब्द येतो, तेव्हा अर्थ वेगळा असतो.

'निर्जंतुकीकरण' हा मराठी शब्द आपण फार सैल वापरतो. 'स्टरिलायझेशन' म्हणजे बीजाणूंसह, म्हणजे काही जीवाणूंच्या चिवट सुप्त रूपांसह, सर्व सूक्ष्मजीव नष्ट करणे. ऑटोक्लेव्ह या वाफेच्या दाबाच्या यंत्रात १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि दर चौरस इंचाला १५ पौंड दाब १५ मिनिटे ठेवून ते साधतात. 'डिसइन्फेक्शन' वस्तूंवर केले जाते आणि त्यात बीजाणू टिकू शकतात. 'अँटिसेप्सिस' जिवंत त्वचेवर. दुधाच्या पिशवीवर लिहिलेले 'पाश्चराइज्ड' यांपैकी पहिल्या प्रकारात बसत नाही, म्हणूनच ती पिशवी शीतकपाटात ठेवावी लागते.

पायरी आठवी : आजूबाजूच्या आजारांवर सराव करावा

२०१५ पासून सत्तरी तालुक्यात 'क्यासनूर फॉरेस्ट डिसीज' चे रुग्ण आढळू लागले आणि वर्तमानपत्रांत 'माकडताप' हा शब्द रूढ झाला. क्यासनूर हे कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या जंगलाचे नाव. तेथे १९५७ साली हा विषाणू प्रथम सापडला. मराठी नावावरून माकडामुळे ताप येतो असे वाटते. प्रत्यक्षात माणसाला तो होतो गोचिडीच्या चाव्यातून. माकड स्वतःच त्याचा बळी असते. या एका आजारावर तीन शब्द पक्के करता येतात. गोचीड हा 'व्हेक्टर', ज्याच्या शरीरात विषाणू वाढतो तो 'होस्ट', आणि आजार कोणतीही लक्षणे न दाखवता बाळगणारा माणूस, जसा टायफॉइडमध्ये आढळतो, तो 'कॅरिअर'. मराठी पुस्तकांत व्हेक्टर आणि कॅरिअर या दोघांनाही 'वाहक' म्हटलेले दिसते, म्हणून वहीत मूळ शब्दही लिहावेत. 'इनक्युबेशन पीरियड' म्हणजे संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ. प्रयोगशाळेतील उबवणीचा काळ वेगळा.

पायरी नववी : शब्द पुन्हा रुग्णाच्या भाषेत आणावा

गोव्यात हा प्रवास एकदा उलट दिशेनेही झाला आहे. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी कॉलऱ्याचे वर्णन केले आणि येथील लोकांच्या तोंडचे त्याचे नावही नोंदवले. ते नाव म्हणजे आपली 'मोडशी'. पोर्तुगीजांनी तिचे 'मोर्देशी' केले आणि फ्रेंचांनी पुढे त्याच ध्वनीवरून 'कुत्र्याचे मरण' अशा अर्थाचा शब्द बनवला. आज घरात आजी 'मोडशी झाली' म्हणते तेव्हा तिला बहुधा अपचन अभिप्रेत असते. त्यामुळे इस्पितळात वयस्क रुग्णाने हा शब्द उच्चारला तर त्याचे भाषांतर करण्याआधी जुलाब किती वेळा झाले, कसे झाले, उलटी झाली का, हे विचारून घ्यावे.

आपल्या बाजूने शब्द वापरतानाही हीच काटेकोरता हवी. लघवीच्या कल्चरसाठी नुसते 'लघवी आणा' म्हटले तर पहिल्या धारेबरोबर त्वचेवरचे जीवाणूही बाटलीत येतात. 'आधी स्वच्छ धुवा, सुरुवातीची थोडी जाऊ द्या आणि मधल्या धारेची बाटलीत घ्या' असे पूर्ण वाक्य बोलावे. क्षयरोगाच्या तपासणीत 'स्प्युटम' मागवतात आणि अनेक विद्यार्थी त्याचे मराठी 'थुंकी' असे करतात. रुग्ण मग तोंडातली लाळ घेऊन येतो, नमुना परत पाठवला जातो आणि दुरून आलेल्या माणसाची दुसरी खेप होते. मराठीत त्यासाठी 'बेडका' हा नेमका शब्द आहे. 'सकाळी उठल्यावर चूळ भरा, दीर्घ श्वास घ्या, छातीतून जोराने खोका आणि जो बेडका सुटेल तो या डबीत घ्या' असे सांगावे, आणि डबीचे झाकण घट्ट कसे लावायचे हे स्वतः लावून दाखवावे.